खिडकीची जागा

अहो,

गाडीची किल्ली शोधत बसू नका, ती माझ्या पर्समध्ये आहे. मी पुढे जाऊन बसमध्ये जागा धरते. तुम्ही डोळ्यांत थेंब घाला आणि सावकाश चालत स्टँडवर या.

बसने धरणापर्यंत, तिथून लाँचने पलीकडे, मग दुसऱ्या बसने टेकडीवर. सगळं विचारून ठेवलंय, तेव्हा उगाच नकाशा उघडून माझं डोकं खाऊ नका.

परवा गाडी फाटकाला घासली, ते फाटकच अरुंद आहे, असं मी लेकीला सांगितलंय.

आजवर प्रत्येक सहलीत तुम्ही नुसता रस्ता बघितलात आणि डोंगर मी. आज खिडकी तुमची. दिसेल तेवढं बघा, उरलेलं मी सांगेन.