दारव्ह्याचा सूर्योदय

१७ मे २०२६, रविवार. अधिक ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा
या हातांनी केलेलं : सागवानी तिथीचक्र, एक. त्याचा पितळी काटा — तीनदा कानसून. दारव्ह्याच्या सूर्योदयाचा तक्ता, दिवसाला एक ओळ. शाळा सातवीपर्यंत. पंचांगाचं गणित मला कुणी शिकवलं नाही!
धोंड्याचा महिना लागला. दिग्रसहून सासूबाईंचा फोन — "जावईबापू, धोंडे खायले या!"

२० मे
माझी नलू धोंड्यातलीच. ऐंशी सालचा अधिक ज्येष्ठ. हा महिना असा क्वचित येतो; तिथीने धरलं तर सेहेचाळीस वर्षांत हा पाचवाच वाढदिवस. शाळेत गुरुजींनी लावून दिलेली एक जुलै — ती कोण मानतो!
तिला विचारलं, काय करायचं? "माहा कायचा वाढदिवस? एकादशीची मी. उपास."
आधीचे चारही उपाशीच गेलेत. आठ वर्षांची होती तेव्हाही ताटात भगर.

२४ मे, रविवार
दिग्रस. पुरणाचे धोंडे, वर तूप, मला टॉवेल-टोपी. नलू वाढत होती.
सासूबाईंना जन्माची नेमकी वेळ विचारली. "एकादशीची रात्र सरत आलती. दारव्ह्याच्या दवाखान्यातल्या घड्याळात पावणेसहा. महाराजानं पंचांग पाह्यलं. म्हने, सूर्य उगवाले वेळ आहे, एकादशीच धरा."
पण कुठला सूर्य? छापील पंचांग मुंबईचं!

२५ मे
आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. मे अखेरीस मुंबईत सूर्य उगवतो ६-०१ला. दारव्ह्यात ५-३९. म्हणजे पावणेसहाला इथे सूर्य वर येऊन सहा मिनिटं झाली होती. तीनदा मोडून मांडलं. द्वादशी!
द्वादशी — उपास सोडायचा दिवस.
नलूला सांगितलं. "सहा मिन्टापायी चार वाढदिवस उपाशी ठेवलं का मले?" हसली. मग तांदूळ निवडत बसली बराच वेळ. निवडलेलेच होते.

२७ मे
एकादशी. दोघांचाही उपास.

२८ मे, गुरुवार. द्वादशी
५-३९. नलूला अंगणात पाटावर बसवलं, तोंड पूर्वेकडे. औक्षण मीच केलं. कुंकू वाकडं लागलं — माझ्या हातून! धोंडेही मीच केले. दोन फुटले. तिने नेमके तेच आधी खाल्ले, मग आणखी दोन.
"पुढचा कधी?"
"दोन हजार सदतीस."
"मंग तक्ता नीट ठेवजा."

१ जून
दिग्रसचा एक छापखानेवाला आला होता. चक्र हवं, तक्ता हवा, खाली माझं नाव छापणार. "फक्त सूर्योदय मुंबईचा टाकू, भाऊ. लोकांना सवय आहे."
नलू पुन्हा उपाशी राहिली असती. नाही म्हटलं.
साठ हजार देत होता.