दहा मीटरच्या आत

३ नोव्हेंबर, देवबाग
पोचलो एकदाचा! जामसंड्याहून बाईक हाणत आलो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा मधेच सोडला म्हणून घरी सगळ्यांची तोंडं फुगलेली. फुगोत. इथे एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र आणि मधल्या घरात गौरजा. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसायची ती. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, होमस्टेच्या वायरिंगसाठी ठेवून घेतलं. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्यात मीठ नव्हतं. भांडलो नाही. गौरजाने वाढलं होतं.

६ नोव्हेंबर
एका पाहुण्याशी वाजलंच. मग गौरजाने माझ्या मनगटावर रबरी पट्टा बांधला. वाईट सवयी मोडायचं यंत्र. मी भडकलो की ती मोबाइलवर बटण दाबणार, मला झटका. खोक्यातला कागद वाचला. साडेचारशे व्होल्टपर्यंत, पण करंट मिलिअँपिअरमध्ये, तोही क्षणभर. माणूस मरत नाही, नुसता दचकतो. ब्लूटूथ दहा मीटर. म्हणजे ती कायम दहा मीटरच्या आत! एवढं सुख कुठला डिप्लोमा देणार?

७ नोव्हेंबर
नव्या होडीचा नारळ फोडायचा होता. अप्पांनी माझा पट्टाही देवापुढे ठेवायला लावला आणि गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाकडे मागणं मागितलं. ते पुटपुटत होते, मी गौरजाकडे बघत होतो. दर वाक्याला सगळे ‘व्हय म्हाराजा’. माझा आवाज सगळ्यांत मोठा. तीही म्हणत होती, मान खाली घालून.

१२ नोव्हेंबर
जेटस्कीवाल्या सर्वेशची कॉलर धरली. पट्टा गप्प. दुपारी गौरजाला नुसती हाक मारली, तर झटका कोपरापर्यंत. मस्करी करतेय वाटलं. ती गच्चीवर चादर पिळत होती. दोन्ही हातांनी.

१५ नोव्हेंबर
ती विजयदुर्गला गेली. मला न सांगता. फोन बंद. तिचं नाव घेतलं आणि झटका. दहा मीटर? पट्टा सोडला, उघडला, बॅटरी बाहेर काढली. मल्टिमीटर शून्य. पुन्हा नाव घेतलं —
रिकाम्या मनगटावर. तिथेच.

१७ नोव्हेंबर
अप्पांच्या होडीवरच्या बाबलीकाकांना गाठलं. जाळ्यावरून नजर न उचलता त्यांनी सांगितलं की विजयदुर्गच्या मुलाशी तिचं चतुर्थीतच ठरलं होतं. पट्टा तिनेच मागवला. गाऱ्हाण्यात अप्पांनी मागितलं, ह्याच्या तोंडात, मनात माझ्या चेडवाचं, लेकीचं, नाव राहू देऊ नको. मी ओरडलो, मला न विचारता?
“देवान इचारल्यान नाय? तूच तर सगळ्यांत मोठ्यान व्हय म्हटलंस मरे.”
बटण तिने दाबलं असतं तर सोसलं असतं. तिने व्हय म्हटलं.

१९ नोव्हेंबर
लिहितानाही बसतो. पेन दोनदा उडालं. साडेचारशे नाही हे. जास्त. शेजारच्या बाकावर बसायची, एवढं आठवतं. चेहरा —

२० नोव्हेंबर
सकाळी नाव आठवेना. पहिलं अक्षर होतं, पुढचं —
देवापुढे जाऊन ‘नाही’ म्हणालो. मोठ्याने. मागून कुणी साथ दिली नाही.

२१ नोव्हेंबर
पहिल्या पानावर आहे. मीच लिहिलेलं. बघून उतरवतो, एकेक अक्षर. माणूस मरत नाही, कागदावर होतं तसं. उजवा हात डाव्याने दाबून —
गौर