टिचकी मारून पाहिलेल्या कुकीज

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.
नवी वही. जुनी संपलेली नाही, पण तिच्यात व्यायामाचे संकल्प आहेत आणि ते वाचत बसलं की सकाळ जाते.

निर्णय झाला. नातीसाठी मी स्वतः कुकीज करणार. बदामाच्या पिठाच्या, ग्लूटेन नसलेल्या, मऊ. नात सात वर्षांची. तिला गहू चालत नाही, हे डॉक्टरांनी मागच्या वर्षी सांगितलं. दर शनिवारी चार वाजता ती आमच्याकडे यायची आणि सहापर्यंत माझ्याशी वाद घालायची. म्हणून मी तिला वकीलबाई म्हणतो. गेला महिनाभर ती आलेली नाही. मुलगी म्हणते, सध्या नको. कारण काय, तर आमच्याकडे तिच्या पोटात एक गव्हाचं बिस्किट गेलं आणि दोन दिवस पोट दुखलं. ते बिस्किट तिने स्वतःच डब्यातून काढलं, असा खुलासा मी त्याच दिवशी फोनवर केला आहे. विषय तिथे संपला.

आता कुकी मऊ झाली, वकीलबाईने खाल्ली, मुलीने पाहिली, की शनिवार पुन्हा सुरू. मुदत २१ तारीख. मुलीला फोन करून त्या दिवशी चहाला बोलावलं. ती "बघते" म्हणाली. म्हणजे येणार.

अठ्ठावीस वर्षं टाइल्सच्या कारखान्यात भट्टी सांभाळली. अकराशे डिग्री, रोज. घरातला ओव्हन अडीचशेवर दमतो. काळजी एवढीच की काम दोन दिवसांत संपेल आणि पुढचे सतरा दिवस काय करायचं.

४ फेब्रुवारी, बुधवार. रात्री ८.
बदामाचं पीठ पाकिटात तयार मिळतं, असं बायको म्हणाली. कच्चा माल स्वतः तयार करावा, हे तिला कळायचं नाही. ती कारखान्यात नव्हती.

बदाम मिक्सरमध्ये घातले. एका मिनिटात रवाळ झाले. बायको म्हणाली, बस. मी म्हणालो, टाइलसाठी माती जितकी बारीक दळाल तितका माल सरस. आणखी सहा मिनिटं फिरवलं. पिठाला तेल सुटलं, मग त्याचा गोळा झाला, मग लापशी. मिक्सर गरम होऊन बंद पडला.

टोस्टला लावून खाल्लं. बरं लागलं. त्यामुळे प्रयोग फसला असं म्हणता येणार नाही.

संध्याकाळी पाकीट आणलं.

७ फेब्रुवारी, शनिवार. सायं. ५.
पहिली भट्टी लावली.

लोणी नरम करून घ्या, असं कृतीत लिहिलं आहे. मी पूर्ण वितळवलं. नरम करायचंच आहे तर अर्धवट कशाला? बारा गोळे ट्रेवर ठेवले. सहाव्या मिनिटाला त्यांनी एकमेकांना मिठी मारली. बाहेर काढली तेव्हा एकच कुकी होती, ट्रेएवढी. फूटपट्टी लावून पाच बाय पाचचे चौकोन कापले. कडा सरळ आल्या. बायको म्हणाली, बाथरूममध्ये दोन कमी आहेत, तिथे बसतील. तिच्याकडून कौतुक असंच येतं.

चारच्या सुमारास दाराची बेल वाजली. मी उठलो. इस्त्रीवाला होता. बायको म्हणते, केवढ्या घाईने उठलात. मी पाय मोकळे करायला उठलो होतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२.३०.
चूक सापडली. चूक कृतीत आहे.

अकरा मिनिटं, असं लिहिलंय. अकराव्या मिनिटाला दार उघडून बोट लावलं तर बोट आत गेलं. कच्चा माल. लिहिणाऱ्याने भट्टी जन्मात पाहिलेली नाही. असा एकही नग मी अठ्ठावीस वर्षांत बाहेर सोडला नाही. ट्रे परत आत ढकलला. वीस मिनिटांनी काढला, पण मनासारखा रंग नव्हता. आणखी दहा.

निवल्यावर टिचकी मारून पाहिली. आवाज खणखणीत. कुठेही पोकळी नाही. बाराच्या बारा पास.

बायकोने विचारलं, मऊ करायच्या होत्या ना? तिला सांगितलं, आधी मजबुती, मग मऊपणा. सगळं एकदम होत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.
खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना बाहेरचं मत म्हणून बोलावलं. मनमिळाऊ माणूस. पहिला घास घेताना काहीतरी कडकन वाजलं. मला वाटलं, कुकीचा कुरकुरीतपणा. त्यांनी रुमाल तोंडाशी नेला आणि कवळीतला पुढचा दात त्यात गुंडाळून खिशात ठेवला. चव चांगली आहे, म्हणाले. त्यानंतर उरलेली चहात बुडवून ठेवली. दहा मिनिटांत चहा संपला. कुकी तशीच.

दात जुनाच होता, हे त्यांनीही नाकारलं नाही. त्यांचं तोंड मात्र जाईपर्यंत वाकडं होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. सायं. ६.
मुलीला फोन. २१ तारीख पक्की का, हे विचारायला. ती म्हणाली, येऊ. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, आणखी काही सांगायचंय का?"

तिने स्वतःहून रस घेतला हे पाहून बरं वाटलं. ओव्हनच्या वरच्या आणि खालच्या कॉइलमधला फरक तिला सविस्तर सांगितला. मातीत आणि पिठात मूळ तत्त्व एकच कसं, तेही. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी "बरं, ठेवते" म्हणाली. आवाज थोडा थकलेला. ऑफिसात काम फार असावं.

वकीलबाईला फोनवर बोलायचं नव्हतं. गृहपाठ होता म्हणे. सात वर्षांच्या मुलांना इतका गृहपाठ देतात, हे चुकीचं आहे. शाळेला पत्र लिहिणार.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २.
आज आकार साधला. गोळे थंड करून ठेवले, त्यामुळे पसरले नाहीत. मागच्या खेपेला ट्रेला चिकटले होते, तोही इलाज केला. कारखान्यात ट्रेवर पावडर भुरभुरल्याशिवाय आम्ही माल चढवत नसू. इथे डब्यातलं पीठ घेतलं, मूठभर, छान एकसारखं भुरभुरलं. कुकीज अलगद सुटल्या. थोड्या कडक, पण देखण्या. सहा वेगळ्या काढून पाकिटात भरल्या, मुलीकडे नमुना म्हणून पाठवायला. चप्पल घालत होतो.

बायकोने एक उलटी करून पाहिली. खाली पांढरं काय लागलंय, म्हणाली. मी सांगितलं.

तिने पाकीट हातातून घेतलं, ट्रेवरचं सगळं त्यात ओतलं, गाठ मारली आणि कचऱ्यात टाकलं. मग म्हणाली, "अहो, ते गव्हाचं पीठ आहे."

१७ फेब्रुवारी, मंगळवार.
लिहिण्यासारखं काही नाही. ओटा तीनदा धुतला. ट्रे, चमचे, चाळणी, मिक्सर, पीठ लागलेली फळी, न लागलेली फळी, सगळं धुतलं. गव्हाच्या पिठाचा डबा गॅलरीत नेऊन ठेवला.

दार ओढून बाहेर पडायला दोनच मिनिटं उरली होती.

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी १०.
कालची नोंद वाचली. उगाच गंभीर सूर लागला आहे. कुठल्याही चांगल्या कारखान्यात माल बाहेर पडण्याआधी तपासणी होते आणि दोष सापडतो. आमच्याकडेही तेच झालं. म्हणजे पद्धत बरोबर आहे.

नवा ट्रे आणला, नवा चमचा, ट्रेवर अंथरायचा कागदही. कागद लावला की काहीच भुरभुरावं लागत नाही, हे पाकिटावर पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं. फार बारीक अक्षरात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सायं. ५.
यश.

खरं तर घोटाळाच व्हायचा. ट्रे आत ठेवला आणि पोस्टमास्तरांच्या दाताची चौकशी करायला खाली गेलो. त्यांनी बसवून घेतलं. वर आलो तर बायकोने बरोबर अकराव्या मिनिटाला ट्रे बाहेर काढलेला. कुकीज फिकट, मध्ये फुगीर आणि बोट लावलं तर लिबलिबीत. मी म्हणालो, परत आत घाल. ती ओव्हनपुढे उभी राहिली. पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, म्हणाली. बायकोला ढकलून ओव्हन उघडण्याचं वय राहिलेलं नाही.

पंधरा मिनिटांनी एक उचलली. तुटली नाही. वाकली, आणि मग हळूच सुटली. आत मऊ. टिचकी मारली, आवाज आला नाही.

माल भट्टीत अर्धा तयार होतो आणि निवताना उरलेला अर्धा, हे मी कारखान्यात नव्या लोकांना कायम सांगत असे. घाईने निववला की तडा. तेच तत्त्व शेवटी उपयोगी पडलं. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, हो, तुमच्या तत्त्वामुळेच झालं, आणि आत जाऊन झोपली.

उद्या चार वाजता. अठरा कुकीज, एकसारख्या. आता मुलगी काय बोलणार?

२१ फेब्रुवारी, शनिवार. सायं. ७.
आल्या. चार वाजून पाच मिनिटांनी.

वकीलबाई खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली. तिची बशी पुढे केली. तिने कुकीकडे पाहिलं, हात काढला नाही. पीठ कुठलं, विचारलं. पाकीट दाखवलं. ट्रे कुठला? नवा. चमचा? नवा. या स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ आहे का? मी म्हणालो, सगळं स्वच्छ धुतलं आहे. म्हणजे होतं, ती म्हणाली. बायको खिडकीबाहेर पाहू लागली. मी गॅलरीतल्या डब्याबद्दल सांगितलं आणि सोमवारबद्दलही थोडंसं.

मला वाटलं, आता कुकी उचलतील.

वकीलबाईने बशी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "आजोबा, त्या दिवशीचं बिस्किट कोणी काढलं?"

मी ट्रे बघायला उठलो. ट्रे रिकामा होता, सगळ्या कुकीज टेबलावरच होत्या. रिकाम्या ट्रेकडे किती वेळ पाहणार? परत येऊन बसलो. चहा निवत होता.

"मी काढलं," मी म्हणालो. "मीच दिलं तुला. एकाने काय होतं, असं म्हणून. आणि तुझ्या आईला सांगितलं की तू घेतलंस."

मुलीने कप खाली ठेवला. "माहीत आहे, बाबा. तो डबा फ्रिजच्या डोक्यावर असतो. ती स्टुलावर चढली तरी तिचा हात पोचत नाही."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे. त्याच दिवसापासून, ती म्हणाली. तुझी काही चूक नाही, असं लेकीला त्याच संध्याकाळी सांगितलंही होतं. मग महिनाभर दोघी कशाची वाट पाहत होत्या, हे मी विचारलं नाही. तेरा तारखेचा फोन आठवला. कॉइल आठवली.

बायकोलाही माहीत होतं. पोस्टमास्तरांनाही, तिनेच सांगितलं होतं. त्यांचं तोंड वाकडं होतं ते दातामुळे, असं मी धरून चाललो होतो.

वकीलबाईने मग एक कुकी उचलली. वास घेतला, कोपरा खाल्ला, मग उरलेली. म्हणाली, मऊ आहे, पण जरा ओली आहे. दुसरी घेतली. बदामाचं पीठ, मऊपणा, निववण्याचं तत्त्व, यांतलं काही विचारलं नाही. ट्रेवर पंधरा मिनिटं का ठेवायचं हे मी सांगायला लागलो तर मुलगी म्हणाली, बाबा, ते राहू दे आता. आणि हसली.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
मुलीचा निरोप आला. पुढच्या आठवड्यापासून शनिवार सुरू, चार ते सहा.

कुकीज करू नका. नाहीच केल्या तर बरं. खाऊ घरून येईल, डबा वकीलबाईच्या मांडीवर राहील, आणि तिने दिलं तरच मी खायचं. देताना डब्यातलं काय कुणाला चालतं, हे ती आधी मला विचारणार आणि मला पाठ म्हणून दाखवावं लागणार.

निरोप आल्यापासून पाठ करतो आहे. बायको ऐकून घेते. दोनदा चुकलो.