सरोवराकाठी मी शांत झालो

सोमवार, १२ ऑगस्ट
सरोवराकाठच्या मठात पोहोचलो. शुक्रवारपर्यंत मौन. माझ्या लेकीची, नब्बोसाची, अट अशी की, तिथे राहून कोणावरही हात न उचलता परत आलात, तरच शनिवारी माझ्या लग्नाच्या मागणीत बापाच्या खुर्चीवर बसायचं. लेकीने बापाला अट घालावी! का, तर थोरलीच्या मागणीत मी मुलाकडच्या पाहुण्यांतर्फे बोलणाऱ्याचा दात पाडला. त्याने थट्टा करायची आणि आपण हसायचं, ही रीत मलाही ठाऊक आहे. मी हसलोच होतो. हसून झाल्यावर पाडला.
सिस्टर पेर्पेतुआने फोन काढून घेतला. तापट बाई दिसते. मी मात्र आतून थंड. मसाक्याच्या टॅक्सी स्टँडचा चेअरमन कोणी उगाच होत नाही.

मंगळवार, १३ ऑगस्ट
पहाटे प्रार्थना. समोर सरोवर. मन अगदी स्वच्छ.
नाश्त्याला माकडाने पाव पळवला. काठीने हाणलं. अट माणसांपुरती आहे, माकड त्यात येत नाही. फुटलेली काच जुनीच होती.
संकल्प : राग आला की दहा वेळा नमो मरिया.

बुधवार, १४ ऑगस्ट, सकाळी
काठावर एक होडीवाला रेडिओ लावून जाळी सुकवत बसला होता. मौन असल्यामुळे त्याला 'बंद कर' म्हणता येईना. म्हणून रेडिओ पाण्यात टाकला. तो माझ्या अंगावर आला. मी त्याला फक्त धरलं. थोडा वेळ पाण्याखाली धरलं, पण धरणं म्हणजे मारणं नव्हे.
सिस्टर धावत आली आणि म्हणाली, चेअरमन, आता एक जरी तक्रार आली तरी तुमच्या मुलीला कळवीन. मौन तिने मोडलं, मी नाही.

गुरुवार, १५ ऑगस्ट
जेवताना समोर एक टकल्या बसतो. एकटक माझ्याकडे बघतो, पापणी हलवत नाही. मसाक्यात असं कोणी बघितलं असतं, तर त्याला दुसऱ्या डोळ्याची आठवण काढत बसावं लागलं असतं. पण मी बदललोय. दहा नमो मरिया. मग आणखी दहा. चमचा वाकला.
उद्याचा एकच दिवस. जिंकल्यात जमा.

शुक्रवार, १६ ऑगस्ट, दुपारी
डाव्या हाताने लिहितोय.
शुक्रवार म्हणून जेवणात मासा. टकल्याने मोठा तुकडा घेतला. मांबा मासा! आमच्या कुळाचं देवक! माझ्या आज्या-पणज्यांनी ज्याला कधी तोंड लावलं नाही, त्याचे काटे हा माझ्या डोळ्यांत बघत चोखतोय. मौनात जाब तरी कसा विचारणार? नमो मरिया तीनच झाल्या. टेबल उलटलं. उकडलेल्या केळ्यांच्या मटोकेचं गरम पातेलं त्याच्या टकलावर. तो खाली पडला, मी छातीवर बसलो, त्याचं नाक माझ्या मुठीखाली आलं. दोन फादर ओढत होते, त्यातल्या एकाचा चष्मा गेला. शेवटी स्वयंपाकिणीने लोखंडी पळीने माझं मनगट मोडलं. बाईमाणसाच्या हातात इतका हिंसाचार, तोही देवाच्या घरी!
सिस्टर ओरडत होती की, अहो, मांगूर आहे तो! साधा मांगूर! मांबा या स्वयंपाकघरात येतच नाही, मीसुद्धा तुमच्याच कुळाची आहे!
टकल्या शाळामास्तर आहे म्हणे. नुकतीच बायकोला माती देऊन आलाय. कोणाकडेच बघत नव्हता म्हणे. सांडलेल्या मटोकेत बसून मोठ्याने रडत होता. नाकामुळे रडत असणार.
सिस्टर फोनवर आहे. मांगुराचं ऐकलं की नब्बोसा समजून घेईल. तिला बापाचा स्वभाव माहीत आहे.

शनिवार, १७ ऑगस्ट
नब्बोसा मला घराच्या फाटकावर भेटली. भांडली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. ती हळू आवाजात म्हणाली, बाबा, खुर्चीवर मुबिरूकाका बसतील, तुम्ही मागे चुलीपाशी बसा, आणि आज कोणाला काही करू नका, तुमच्या पाया पडते.
मागे बसलो. केळी सोलणाऱ्या बायकांनी जागा दिली.
लाउडस्पीकरवर पाहुण्यांनी विचारलं, मुलीचे वडील कोण? माझा धाकटा भाऊ मुबिरू म्हणाला, मी. टाळ्या पडल्या. मग नब्बोसा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि त्याला बाबा म्हणाली.
मला मागच्या दारातून तिची पाठ दिसली.