पुढची चाकं, मागची चाकं

मंगळवार, १७ तारीख
दुपारी, जेवणं झाल्यावर

चि. भिंगरीस,

मामाचे आशीर्वाद. ते ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे, हे पत्र संपल्यावर ठरव.

इकडे सगळं बरं आहे. जिना चढताना मामीचा गुडघा कुरकुरतो आणि उतरताना मामी. अंगणातला गळका नळ मी स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे आता तो दोन ठिकाणी गळतो. तुझी गाडी भिंतीलगत उभी आहे. तिच्यावर पानं पडतात, ती मी झाडतो. मागचा बंपर गॅरेजवाल्याने ठोकून बराचसा सरळ केलाय. येत्या रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार, तोवर रंगाचंही होईल म्हणाला.

फोन करायचा सोडून मामा पत्र कशाला लिहितोय, असं तुला वाटेल. अगं, फोनवर मी विषय बदलतो. परवा तुला काही सांगायचं म्हणूनच फोन लावला होता, आणि विचारलं काय, तर तुमच्याकडे पाणी वेळेवर येतं का. तूही बिचारी पाण्याबद्दल बोलत राहिलीस.

तर गाडीचं. तू गाडी घ्यायची ठरवलीस तेव्हा मला विचारलं होतंस, पुढच्या चाकांनी ओढणारी घेऊ की मागच्या चाकांनी ढकलणारी. मी उभा जन्म टॅक्सी चालवली, तीही मागच्या चाकांची. मी छाती फुगवून सांगितलं, मागची. तुला पेशंटांकडे टेकडीवर जावं लागतं, चढावर गाडीचा भार मागे जातो, तेव्हा जोर मागच्या चाकांतच हवा. तू ऐकून घेतलंस आणि आठवड्याने पुढच्या चाकांची घेऊन आलीस!

वर आमच्याच जेवणाच्या टेबलावर कारणंही सांगितलीस. इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवरच असतं, त्यामुळे ओल्या रस्त्यावर ती चाकं घट्ट धरून चालतात. वळणावर चुकून जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिला तर गाडी जरा बाहेर जाते, पण मागच्या चाकांच्या गाडीसारखी शेपूट फिरवून उलटं तोंड करत नाही. आत पायाखाली मधोमध तो उंचवटा नाही, म्हणून मागे बसणाऱ्याला पाय ठेवायला जागा. पेट्रोलही कमी. "मामा, मला शर्यत नाही लावायची, मला ड्रेसिंग करायला जायचंय," असं म्हणालीस आणि सगळे हसले. मीही हसलो. जावईबापू तर तुझ्याकडे असे बघत होते की जणू तूच ती गाडी बनवली आहेस.

तू सांगितलेलं सगळं बरोबर होतं, पोरी. रोज कामावर जाणाऱ्या, भाजी आणणाऱ्या माणसाला तीच गाडी योग्य. मला ते त्या दिवशीही पटलं होतं. पण ज्या घरात गाडीबद्दलचा प्रत्येक प्रश्न माझ्याकडे यायचा, तिथे त्या दिवशी टेबलावर मला कोणी काही विचारलंच नाही. मला फार लागलं ते. या वयात, भाचीच्या बाबतीत, असं काही लागावं याची आता लाज वाटते.

हा दुसरा कागद. मामी आत्ताच डोकावून गेली. "अहो, मी कुंड्यांसाठी आणलेली वाळू कुठे गेली? दोन महिने विचारतेय," म्हणाली. मी म्हटलं, "लिहितोय."

ती वाळू तुझ्या गाडीत होती.

आम्ही टॅक्सीवाले पावसाळ्याच्या दिवसांत डिकीत वाळूच्या पिशव्या टाकायचो. रिकामी टॅक्सी मागे हलकी असते, ओल्या चढावर मागची चाकं नुसती फिरतात. वजन टाकलं की धरतात. सगळेच टाकायचे, कुणाला विचारायचं नाही की सांगायचं नाही. तू पहिल्यांदा गाडी घेऊन आलीस आणि मामीबरोबर आत बसलीस, तेव्हा मी अर्ध्या-अर्ध्या भरून चपट्या केलेल्या पिशव्या डिकीतल्या चटईखाली, स्टेपनीच्या भोवती लावल्या. हाताला सवय होती. ही गाडी पुढच्या चाकांनी चालते, हे तू दहा मिनिटांपूर्वीच समजावलं होतंस. तरी हात मागेच गेले.

काळजीपोटी केलं असं लिहायला मला आवडेल, आणि ते अर्धं खरंही आहे. उरलेलं अर्धं असं की पावसाळा सरला की मी चटई उचलून सगळ्यांना दाखवणार होतो. बघा, हिची गाडी चढ चढली ती कुणामुळे!

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. तुझे पेशंट गुरुजी राहतात, त्यांच्या घराखालच्या त्या चढावर, शेवाळलेल्या वळणावर, समोरून टेम्पो आला म्हणून तू थांबलीस. पुन्हा निघताना पुढची चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी मागे घसरत जाऊन कुंपणाच्या भिंतीवर आदळली. तुला काही झालं नाही, मागे कुणी नव्हतं. कुणी असतं तर, हे मी रोज मनात आणतो आणि उठून अंगणात फेऱ्या मारतो.

त्या संध्याकाळी गाडी आमच्याकडे आणली. गॅरेजवाला बघायच्या आत मी चटई उचलली, पिशव्या काढल्या आणि नळामागे रिकाम्या केल्या. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. एवढं वजन पार मागे टाकलं की गाडीचं नाक उचललं जातं, आणि सगळा जोर तर नाकातच. मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि हे करून, हात धुऊन, मी आत येऊन सगळ्यांसमोर काय म्हणालो? "तरी मी सांगत होतो, मागच्या चाकांची घे."

तू चमचा खाली ठेवलास. "मामा, तुझंच बरोबर होतं. मला नाही जमत," म्हणालीस. मी मूग गिळून बसलो. बसलो एवढंच नाही, ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं. भिंगरी, हे वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागलाय.

त्यानंतर तू गाडीला हात लावला नाहीस. टेकडीवरचे पेशंट दुसऱ्याला दिलेस आणि स्वतः दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत जाऊन बसलीस. ज्या पोरीला लहानपणी एका जागी बसवायला दोघं लागायची, म्हणून तुझं नाव भिंगरी, ती दिवसभर खुर्चीत.

गेल्या रविवारी मी तुझी गाडी घेऊन त्या चढावर गेलो. आधी पिशव्या पुन्हा भरून, तशाच लावून. त्याच वळणावर थांबवली आणि पुन्हा वर काढायला गेलो. चाकं गरगरली, गाडी मागे सरकायला लागली, मी हँडब्रेक ओढला. मग पिशव्या काढून रस्त्याच्या कडेला ठेवल्या आणि तिथूनच पुन्हा वर काढली. गाडी सरळ वर गेली. पुन्हा खाली आणून पुन्हा केलं. दर वेळी गेली.

वर गुरुजी फाटकात उभे होते. गाडी ओळखून आशेने पुढे आले, आत मी दिसलो तेव्हा चेहरा पडला. "आमच्या नर्सबाई कुठे? नवा मुलगा पट्टी ओढून काढतो हो," म्हणाले. पाय अजून सुजलेला आहे. त्यांनी चहा विचारला, मला तो घ्यायचं धाडस झालं नाही.

काल जावईबापूंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते तुझ्या कानावर घालतील आणि मी सुटेन. ते म्हणाले, "मामा, तिला गाडी चालवता येत नाही म्हणून मीही चारचौघांत हसलो. माझं मी बोलेन तिच्याशी. पण वाळूचं मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा."

म्हणून हे पत्र. माफी मागत नाही, कारण मागितली की तू लगेच देशील, तुझा स्वभावच तसा आहे. रविवारच्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. विकायची तर विक, रंग आवडत नाही म्हणून विक, मामाच्या अंगणाचा वीट आला म्हणून विक. पण तुला चालवता येत नाही म्हणून विकू नकोस. एवढं वजन मागे असताना, ओल्या चढावर, तू ती भिंतीपर्यंत सरळ रेषेत आणलीस आणि दुसऱ्या बाजूच्या दरीकडे जाऊ दिली नाहीस. मला जमलं असतं की नाही, सांगता येत नाही.

किल्ली मामीकडे दिली आहे. मी घरी असू नये असं वाटत असेल तर मामीला तसं सांग, मी बाहेर जाईन.

तुझी गाडी ज्याने घसरवली,
तो मामा