आईच्या डब्यातला सोपा पदार्थ

गोडादरा, सुरत
अखाजीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप रुक्मिणीअक्का,

धाकट्या बन्सीलालचं डोकं तुझ्या पायांवर. (पाय मागे घेऊ नकोस. डोकं कागदावरचं आहे, त्याचं वजन होत नाही.) आम्ही सगळे इथे बरे आहोत. तूही पारोळ्यात ठणठणीत असणार अशी माझी खात्री आहे, कारण आजारी माणूस निदान फोन तरी उचलतं. दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं तेल लावा, आणि जमलं तर तुमच्या मंडळींच्या रागालाही थोडं लावा. फोनवर तू माझं नाव बघतेस आणि लाल बटण दाबतेस, म्हणून हे पत्र. आपला लोटू साड्यांचे गठ्ठे घेऊन पारोळ्याच्या बाजारात येतोच, त्याच्या हाती देतो आहे. पत्राला लाल बटण नसतं. फाडलंस तरी आत काय होतं या विचारानं तुकडे जुळवत बसशील, मी तुला ओळखतो.

तुझा निरोप मिळाला होता. 'आई गेली, माहेर संपलं, मी अखाजीला येत नाही.' वा! आई जाऊन वर्ष व्हायचं होतं, तिची पहिलीच घागर पुजायची होती, आणि ज्या अक्षय्य तृतीयेच्या सणाला खान्देशातली यच्चयावत सासुरवाशीण माहेरी धावते त्याच सणाला तू माहेर बंद झाल्याची दवंडी पिटलीस. मी इथे जिवंत आहे, ही बारीकसारीक गोष्ट तुझ्या लक्षात राहिली नसेल. असो. आमच्या पोरानं, ललितनं, हौसेनं जिन्याखालच्या लोखंडी पाइपाला तुझ्यासाठी अखाजीचा झोका बांधला होता. त्याचा फार उपयोग झाला. हिलालकाकांनी त्यावर धोतर वाळत घातलं.

तर तू आली नाहीस म्हणून काय काय हुकलं, ते कळवणं माझं कर्तव्य आहे. सगळ्याच्या मुळाशी आहे एक सोपा पदार्थ. 'सोपा' हा शब्द माझा नाही, मोबाइलमधल्या एका बाईंचा आहे. आमची सूनबाई गायत्री त्यांना बघते. तुला माहीत आहेच, तिच्या माहेरची माणसं मूळची जालन्याची, पण ती वाढली इथल्या कतारगामात, त्यामुळे ती स्वयंपाक मराठीत करते आणि घाबरते गुजरातीत. तर त्या मोबाइलमधल्या बाई हसत हसत म्हणाल्या की उन्हाळ्यात फळं, मलई आणि मेरँग एकत्र करा, झाला सोपा गोड पदार्थ. मेरँग म्हणजे काय? तर साखर घुसळून घुसळून केलेला फेस, तो मंद आचेवर इतका वाळवायचा की खडखडीत व्हावा. म्हणजे आधी मेहनतीनं फेस करायचा, मग मेहनतीनं त्याचा फेस मोडायचा, आणि शेवटी तोच चुरडून मलईत घालायचा. मी आयुष्यभर लूमवर मास्तरकी केली, पण कापड विणून झाल्यावर ते उसवून वाढण्याची सोपी पद्धत मला कोणी शिकवली नाही.

बरं, हा फेस करायचा अंड्याच्या पांढऱ्या भागाचा. आपल्या घरात अंडं! तेही पितरांच्या सणाला, आणि शेजारच्या गल्लीत आपले हिलालकाका गळ्यात माळ घालून नाकानं पहारा देत असताना! पण गायत्री हुशार आहे. (हे मी तिच्यासमोर बोलत नाही, तू फोन उचलत नसल्यामुळे तुझ्यासमोर बोलायला हरकत नाही.) तिनं काबुली चणे शिजवून त्यांचं उरलेलं पाणी आटवलं, त्यात साखर घातली आणि शेजारणीकडून आणलेलं विजेचं रवी-यंत्र त्यात सोडलं. त्या आवाजानं मी दचकून उठलो आणि सवयीनं धागा कुठे तुटला ते बघायला लागलो. आणि अक्का, त्या चण्याच्या पाण्याचा, जे आपण मोरीत ओततो त्याचा, पातेलंभर पांढराशुभ्र फेस उभा राहिला! चमचा रोवला तर चमचा सरळ उभा. माझ्या घरात माझ्यापेक्षा ताठ उभं राहणारं काही मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तिनं तो फेस प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला, कोपरा कापला आणि ताटात गोल गोल वेढे देत पाडला. हे वेढे नीट ध्यानात ठेव, पुढचं सगळं महाभारत त्यातूनच निघालं. रात्रभर ते शेजारणीच्या ओव्हनमध्ये वाळत राहिले. सोपा पदार्थ!

आता जरा आईच्या डब्याकडे येऊ. तो पितळी कडीचा पत्र्याचा डबा, ज्यात ती दर उन्हाळ्यात कुरडया भरायची. गेल्या वर्षी जाण्याआधी तिनं शेवटच्या कुरडया घातल्या, आठवतं? गच्चीवर खुर्ची टाकून बसली होती आणि आपल्या सुनेच्या, सरलाच्या हातातला सोऱ्या कसा चुकीचा फिरतो यावर भाष्य करत होती. त्या कुरडया आम्ही वर्षभर तळल्या नाहीत. कोणी ठरवलं नव्हतं, पण डब्याला कोणी हात लावेना. अखाजीला घागर पुजायची, निखाऱ्यावर पितरांच्या नावानं आगारीचा घास टाकायचा, तेव्हाच पहिली कुरडई आईच्या नावानं तळायची असं मनात होतं. आणि अर्धा डबा तुझा होता. (माहेर संपलेल्या बाईचा.)

अखाजीचा दिवस उजाडला. घागर भरली, वर डांगर ठेवलं (गायत्री त्याला खरबूज म्हणते), आंबा ठेवला. हिलालकाका सकाळपासून पाटावर बसून प्रत्येक गोष्ट कशी चुकली ते सांगत होते, म्हणजे सणाची शोभा होतीच. पुरणपोळ्या झाल्या, रस झाला. गायत्री मलई आणायला डेअरीवर गेली, आणि सरलानं कढई चढवली. हात धुतले, पदर खोचला, आईचा डबा उतरवला, झाकण काढलं. आत पांढरे गोल वेढे. तिनं डबा कपाळाला लावला आणि पहिली कुरडई तेलात सोडली.

अक्का, कुरडई तेलात पडली की कशी फुलते, तुला सांगायला नको. ही फुलली नाही. ही तेलात बसली, तपकिरी झाली, मग काळी झाली, आणि डोळ्यांदेखत विरघळून गेली. तेल फसफसून वर आलं, घरात जळक्या साखरेचा वास पसरला. सरलाला वाटलं तेल तापलं नाही. दुसरी टाकली, तीही गेली. तिसरीही तशीच गेली. "अवं माय, हाई काय व्हयनं!" म्हणत ती चुलीसमोर मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. म्हणे सासूबाईंनी माझ्या हातची कुरडई जिवंतपणी कधी गोड मानली नाही, आता मेल्यावरही त्यांनी माझ्या हाताला स्वतःची कुरडई तळू दिली नाही. (यातलं पहिलं खरं आहे. आई जिवंत असती तर तिनंही कबूल केलं असतं.)

हिलालकाकांना तर अशा प्रसंगाची वर्षभर वाट बघावी लागते. त्यांनी कढईत डोकावून पाहिलं, माळ हातात घेतली आणि निकाल दिला, "पोर उनी नही, मंग पितर घास कशा लेतीन?" म्हणजे पोरगीच आली नाही तर पितर घास कसा घेतील, सगळा दोष तुझा. मी एरवी काकांचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडतो, पण खरं सांगतो, त्या दिवशी ते आतपर्यंत गेलं. आईचं या घरात खाण्यापुरतं जे उरलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर काळं होऊन तेलात तरंगत होतं, आणि ज्या बहिणीला मी हे सांगायचं ती फोन उचलत नव्हती. मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. तुझ्या रिकाम्या झोक्यावर काकांचं धोतर होतं, ते बघून हसूही येईना.

इतक्यात गायत्री मलईची पिशवी घेऊन जिना चढून आली. मी आत बोट दाखवलं. तिनं कढई पाहिली, डबा पाहिला, रडणारी सासू पाहिली आणि किंचाळली, "अरे मम्मी, आ कुरडई नथी!" मग हळूहळू उलगडा झाला. डब्याचं बूड गंजायला लागलं होतं. ते बघून तिनं महिन्याआधीच आईच्या कुरडया काढून स्वतःच्या माहेरून आलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरल्या होत्या, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, कपाटावर. हे तिनं ललितला सांगितलं होतं आणि 'मम्मीपप्पांना सांग' असंही सांगितलं होतं. ललित म्हणाला, सांगायचं राहिलं. आपला मुलगा आहे, त्याचं राहतंच. बरणी खाली उतरली. एकही तुटली नव्हती.

सरला डोळे पुसत चिडून म्हणाली की मग हे साखरेचं भूत सासूबाईंच्याच डब्यात कशाला भरलंस? दुसरे डबे मेले होते का? तेव्हा ती पोर खाली बघत जे बोलली ते तसंच्या तसं लिहितो. "आजींना दात नव्हते ना. सगळे कुरकुर कुरडई खायचे आणि त्या बघत बसायच्या. ही तोंडात ठेवली की विरघळते. खाली कागद घालून त्यांच्याच डब्यात ठेवली, त्यांच्यासाठी होती म्हणून."

अक्का, आईला शेवटच्या वर्षी कुरडई चावत नव्हती, हे मला माहीत होतं. तुलाही होतं. आपण दोघंही तिच्या समोर बसून कुरकुर खात होतो. ती म्हणायची, खा रे, आवाज ऐकते. त्यावर काही करता येतं, हे आपल्याला सुचलं नाही. सरला उठली, तिनं गायत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच कढई कशी खराब केलीस म्हणून ओरडली. घर पूर्वपदावर आलं.

डब्यात उरलेले वेढे सुरतेच्या दमट हवेनं एव्हाना चिकट झालेच होते, ते गायत्रीनं चुरडले, त्यात आंब्याच्या फोडी, डांगराच्या फोडी आणि मलई घातली. बघायला ते असं होतं की ताट आधीच कोणीतरी कालवून अर्धवट सोडून गेलंय. त्याचाच एक चमचा हिलालकाकांनी निखाऱ्यावर टाकला. साखरच ती, भप्पकन ज्वाळ उठली. तिला उठायला पितर लागत नाहीत. पण काकांचा चेहरा उजळला. आईनं घास घेतला असं त्यांनी जाहीर केलं, आणि आईच्या वतीनं स्वतः दोन वाट्या घेतल्या.

मी तर वाटीकडे नुसतं बघत होतो. फळं, मलई आणि मोरीचं पाणी. पुरणपोळी आणि रस समोर असताना असल्या सोप्या पदार्थाची गरज काय, हे मला कळलं नाही, तुलाही कळणार नाही. तू आली नाहीस ते एका परीनं बरंच झालं. दाजींना नमस्कार. गुडघ्याला जपा म्हणावं.

तुझा,
बन्सी

ता. क. : वर त्या पदार्थाला मी जी नावं ठेवली आहेत, ती पहिल्या वाटीच्या आधीची आहेत. नंतर मी किती वाट्या घेतल्या हे सरला सांगेल, पण तिचा हिशेब नेहमी वाढीव असतो. डेअरीच्या मलईला तुमच्या म्हशीच्या सायीची सर नाही. येताना आण.

आणखी ता. क. : आईच्या कुरडया बरणीत आहेत, अजून तशाच. सरला आता त्यांना हात लावायला तयार नाही, गायत्रीची हिंमत नाही आणि मी तळल्या तर आई खरंच परत येईल. हिलालकाकांनी तर आगारीनंतरच बजावलं, "पन कुरडई लागी ती पोरना हातनीच." तेव्हा तुझ्या हातच्या कुरडईचा आईचा घास अजून बाकी आहे. मी धोतर झोक्यावरून काढायला लावलंय.

शेवटचं : ललितनं डब्याला नवं बूड बसवून आणलं. गायत्रीला तो भरायचा आहे, यंदा स्वतःच्या हातानं. गहू किती दिवस भिजवायचे विचारते. सरला तीन म्हणते, काका पाच म्हणतात. आईला विचारलं की ती म्हणायची, हाताला कळतं. तसा हात आता फक्त तुझ्याकडे आहे. गायत्री म्हणते, आत्या आल्याशिवाय गहू भिजवणार नाही. तिला वाटतं हे घर तुझं माहेर आहे. ते संपल्याचं तिला तूच येऊन सांग.