लेकीचा काळा कोट आणि जादा गोळी

३ जून, सकाळ.
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. वेटिंग रूमला फिनाइलचा वास, खुर्च्यांचे हात चिकट. शी! कंपवाताला सहा वर्षं झाली म्हणून काय रोज ही शिक्षा? बाई म्हणाल्या, आजार पंचेचाळिशीतच लागला, अंगावर मांस नाही, त्यात डोस मोठा. गोळीनेच अंग आपोआप हलायला लागण्याचा धोका तुम्हाला जास्त. स्वतःहून गोळी वाढवू नका म्हणे. तीस वर्षं कटिंग मास्तर आहे मी. मला माप शिकवतात!

संकल्प : लेक वकील झाली. पंचवीस तारखेला पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार. तिचा काळा कोट मीच बेतणार. दुसऱ्या कुणाची कात्री त्याला लागणार नाही.

७ जून.
दुपारी हाताचं लाकूड. अर्धी गोळी जादा घेतली. बायकोला सांगितलं नाही. तासाभरात खडूची रेघ सरळ. डॉक्टरांना काही कळत नाही.

११ जून.
अर्धीने काय होतंय? आता पूर्ण. बायको म्हणाली, डोलताय कशाला? म्हटलं, स्टूल डुगडुगतंय. पायाखाली पुठ्ठा घातला.

१२ जून.
आणखी पुठ्ठा. सुतार एकजात चोर.

१५ जून.
गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, आज खुशीत दिसता, नाचताय अगदी! असल्यांच्या पँटी शिवायच्याच कशाला? जमिनीवर बसून पाहिलं. जमीनही डुगडुगते. बांधकाम भिकार.

१८ जून, दुपारी ४.
कोट बेतायला घेतला. दोन गोळ्या जादा. मान एकीकडे, खांदा दुसरीकडे, आणि कात्री थेट कोटाच्या पाठीच्या मधोमध. कापडच सरकलं. बायकोने डबी उघडून गोळ्या मोजल्या. डबी पदराला बांधून घेतली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२० जून.
बायकोने हाताला धरून दवाखान्यात नेलं. बाईंनी डोस कमी करून दिवसभरात वाटून दिला. येताना हिने नवं कापड घेतलं. जन्मभर माझ्या हाताखाली काजं-बटणं केलेली बाई, आज माझ्यासमोर कोट बेतत होती. बाहीचा मुंढा जरा उतरता घे, म्हणून ओरडायला तोंड उघडलं. तोवर तिने घेतला होता.

२५ जून.
कोर्टात जाण्याआधी लेक कोट घालून दाखवायला आली. पाठीला एक चुणी नाही. म्हणाली, बाबा, तुमची कात्री लपत नाही हं. बायको खाली बघून तिची कॉलर नीट करत राहिली.

मी म्हटलं, हो, कापड जरा नाठाळ होतं.

शी! स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.